डार्क चॉकलेट: कोणतं, किती, केव्हा, आणि कोल्हापूरच्या हवेत ते टिकवायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१, रक्तदाबाची एक गोळी रोज चालू. मुलगा पुण्याहून येताना "हृदयाला चांगलं असतं" म्हणून डार्क चॉकलेटचे बार आणतो. ते रोज खाल्लं तर चालेल का, किती खावं, मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे तिला त्याचा उपयोग होईल का, सासऱ्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांना द्यावं का, गुळाचं चॉकलेट घेतलं तर जास्त बरं का, आणि उन्हाळ्यात बारवर पांढरा थर येतो तो बुरशीचा असतो का.

आधी तुमच्यापुरतं उत्तर देतो. चालेल. दिवसाला १५ ते २० ग्रॅम, कोको ७० टक्के किंवा त्याहून जास्त असलेलं, दुपारच्या जेवणानंतर, आणि रोजच्या दुसऱ्या एखाद्या गोडाच्या जागी. यातलं "जागी" सोडू नका. दुपारचा पेढा तसाच ठेवून वर चॉकलेट आलं, तर दिवसाला १२० कॅलरी वाढल्या. महिन्याच्या झाल्या ३,६००, म्हणजे कागदावरच्या हिशेबानं जवळपास अर्धा किलो वजन. साखर सीमारेषेवर असताना वजन वाढणं हेच सगळ्यात महागात पडतं. त्यापुढे चॉकलेटचे फायदे फारच किरकोळ ठरतात.

आता बार निवडायचा कसा ते सविस्तर सांगतो, कारण सगळी फसगत इथेच होते. वेष्टनावर समोर "डार्क" लिहिलंय एवढ्यावर काहीच कळत नाही. बार उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. जो घटक वजनानं जास्त तो यादीत आधी, असा नियम आहे. पहिलं नाव साखरेचं असेल तर ते मुळात साखरेचं दुकान, कोको नावापुरता. पहिलं नाव कोको मास, कोको सॉलिड्स किंवा कोको लिकर हवं. (इथल्या लिकरचा दारूशी संबंध नाही. भाजलेल्या कोको बिया वाटून जो दाट लगदा होतो त्याला तसं म्हणतात.) पुढे कोको बटर (कोको बियांतली चरबी), साखर, लेसिथिन (मिश्रण एकजीव ठेवणारा घटक), फार तर व्हॅनिला. चांगल्या बारची यादी इथेच संपते.

साध्या डार्क बारमध्ये साखरेचा अंदाज तोंडी काढता येतो: शंभरातून कोकोचे टक्के वजा करा, जे उरतं ती जवळपास सगळी साखर. ५५ टक्क्यांच्या बारमध्ये शंभर ग्रॅमला ४५ ग्रॅम साखर, ७० टक्क्यांमध्ये ३०, ८५ टक्क्यांमध्ये १५. म्हणजे २० ग्रॅमच्या तुकड्यात अनुक्रमे ९, ६ आणि ३ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साखर साधारण ५ ग्रॅमची. ५५ टक्क्यांचा तुकडा खाल्ला की जवळजवळ दोन चमचे साखर खाल्ली, ८५ टक्क्यांचा खाल्ला की अर्ध्या चमच्याच्या थोडी वर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते. आपल्याकडे दोन-तीन कप गोड चहातच त्यातला मोठा वाटा संपतो. म्हणून तुमच्यासाठी ८५ चा बार उत्तम. एकदम कडू लागत असेल तर ७० पासून सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांनी वर चढा. जिभेला सवय होते.

टक्क्यांमध्ये एक मेख आहे. त्यात कोकोचा गर आणि कोको बटर दोन्ही धरलेले असतात. त्यामुळे ७० टक्क्यांच्या दोन बारांत एकात गर जास्त आणि दुसऱ्यात कोको बटर जास्त असू शकतं. ज्यांच्यासाठी आपण डार्क चॉकलेट खातो ते फ्लॅव्हनॉल (रक्तवाहिन्यांना उपयोगी मानले जाणारे कोकोतले नैसर्गिक घटक) गरात असतात, कोको बटरमध्ये नसतात. आणि गरातलेही टिकतातच असं नाही. बिया आंबवताना, भाजताना ते कमी होतात आणि अल्कलीची प्रक्रिया केली की सर्वात जास्त जातात. कडवटपणा, आंबटपणा मारायला आणि रंग गडद करायला ही प्रक्रिया करतात. २००८ मध्ये बाजारातल्या कोको पावडरी तपासल्या तेव्हा नैसर्गिक पावडरीत एका ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल सापडले, जास्त अल्कली दिलेल्या पावडरीत फक्त ३.९. घटकांत "अल्कलाइज्ड" किंवा "डच प्रोसेस्ड" दिसलं, किंवा कोकोच्या बरोबरीनं आयएनएस ५०० वा ५०१ (वेष्टनावर छापलेले घटकांचे क्रमांक) हे आम्लता-नियंत्रक दिसले, तर ओळखा. चव चांगली असेल तर खा, पण हृदयाचं नाव घेऊन खाऊ नका. काळाकुट्ट रंग म्हणजे जास्त गुणकारी हा समज तर अगदी उलटा आहे.

दुसरी फसगत कंपाउंडची. राखी, दिवाळीला डब्यांतून जी घरगुती चॉकलेटं मिळतात आणि केकच्या सामानाच्या दुकानात ज्या स्वस्त लाद्या मिळतात, त्यांत बहुतेक वेळा कोको बटरऐवजी पाम-कर्नलसारखी वनस्पती चरबी असते. घटकांत "हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट" वरच्या क्रमांकावर दिसेल. ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे ती भीती कमी झालीय. पण ही चरबी जवळपास सगळी संपृक्त असते आणि कोको तिच्यात नावापुरता. चव घेऊनही कळतं: खरं चॉकलेट जिभेवर स्वच्छ विरघळतं, कंपाउंड टाळूला मेणासारखं चिकटून राहतं.

गुळाबद्दल कोल्हापुरात बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. आपला गूळ भौगोलिक मानांकन मिळवलेला आहे आणि चवीला त्याला तोड नाही. पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळ ही साखरच. त्यातला फार मोठा भाग सुक्रोज, बाकी ग्लुकोज-फ्रुक्टोज, आणि खनिजं इतकी थोडी की २० ग्रॅम चॉकलेटमधल्या पाच ग्रॅम गुळानं काही फरक पडत नाही. आवडतं म्हणून गुळाचं चॉकलेट जरूर घ्या. मधुमेहाला चालतं म्हणून घेऊ नका. "शुगर-फ्री" बारमध्ये बहुधा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो. त्यात साखरेच्या साधारण निम्म्या कॅलरी असतात, रक्तातली साखर तोही थोडी वाढवतो, आणि अर्धा बार एका बैठकीत संपवला तर पोट फुगतं, जुलाब होतात. साखर असलेला ८५ टक्क्यांचा छोटा तुकडा त्यापेक्षा सरळ.

२० ग्रॅममध्ये मिळतं काय? ७० ते ८५ टक्के कोकोच्या बारचा हिशेब धरला तर सुमारे १२० कॅलरी, साडेआठ ग्रॅम चरबी (त्यातली पाचेक ग्रॅम संपृक्त), दोन ग्रॅमच्या थोडं वर तंतू, दीड ग्रॅम प्रथिनं, ४५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, शिवाय तांबं आणि मँगनीज बऱ्यापैकी. कोको बटरमधल्या चरबीचा साधारण तिसरा हिस्सा स्टिअरिक आम्लाचा असतो आणि ते कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही. पण पामिटिक आम्लही त्यात आहे आणि ते वाढवतं. म्हणून "चॉकलेटची चरबी चांगली" हे अर्धंच खरं.

हृदयाबाबतही नेमकं तेवढंच सांगतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१२ मध्ये रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलमुळे रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकायला मदत होते असं मान्य केलं. हे प्रमाण मुद्दाम फ्लॅव्हनॉल राखून बनवलेल्या चॉकलेटच्या १० ग्रॅममध्ये बसतं, साध्या बारमध्ये बसेलच याची हमी नाही. कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा ३५ चाचण्यांचा २०१७ चा आढावा सांगतो की रक्तदाब सरासरी १.८ मिमीनं (पाऱ्याच्या) उतरतो. आणि २०२२ मध्ये आलेल्या कॉसमॉस चाचणीत २१,४४२ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल दिल्या होत्या. हृदयविकाराच्या एकूण घटना लक्षणीय कमी झाल्या नाहीत, हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी दिसले. ध्यानात घ्या, त्या कॅप्सूल होत्या, बार नव्हते. १.८ मिमीचा फरक तुमच्या गोळीच्या पासंगाला पुरत नाही. चॉकलेट सुरू केलं म्हणून गोळी कमी करायची नाही, एक दिवसही चुकवायची नाही.

मधुमेहाबद्दल २०२४ च्या डिसेंबरात हार्वर्डचा अभ्यास गाजला: आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह २१ टक्के कमी आढळला, आणि मिल्क चॉकलेट खाणाऱ्यांचं वजन वाढलेलं आढळलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. डार्क आवडीनं खाणारी माणसं बाकीचंही बरंच सांभाळून खातात, हा भाग त्यातून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. तुमचं ६.१ मधुमेहपूर्व टप्प्यात येतं (५.७ ते ६.४). घरी ग्लुकोमीटर असेल तर स्वतःवरच बघा: एक दिवस नेहमीचं जेवण, दोन तासांनी साखर. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, पोळी-भात मोजून तेवढाच, वर २० ग्रॅम चॉकलेट, दोन तासांनी साखर. असं दोन-तीनदा करा. तुमच्या शरीराला ते किती मानवतं याचं सर्वात खात्रीचं उत्तर तिथे मिळेल. रिकाम्या पोटी मात्र नको.

आता मुलीचं हिमोग्लोबिन. कागदावर २० ग्रॅममध्ये सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम लोह दिसतं आणि लोक त्यावर भाळतात. पण कोकोतले पॉलिफेनॉल (फ्लॅव्हनॉल ज्यात मोडतात तो गट) ते लोह धरून ठेवतात आणि सोबतच्या जेवणातल्या लोहाचं शोषणही घटवतात. आपल्याकडे प्रौढ स्त्रीची रोजची लोहाची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे, ती चॉकलेटनं भरून निघणार नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर गोळी आणि चॉकलेट, चहा, कॉफी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. हळीव, पालेभाज्या, उसळी लिंबू पिळून, आणि मांसाहार चालत असेल तर मटण, ही तिची खरी वाट.

सासऱ्यांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता का ते आधी जुना रिपोर्ट काढून बघा, कारण बहुतेक खडे त्याचेच असतात. कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं, कोको पावडरीत तर फारच. तसं असेल तर त्यांना रोजचं चॉकलेट देऊ नका. कधी एखादा चौकोन द्यायचाच तर कपभर दुधाबरोबर द्या. दुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं आणि ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. पाणी मुबलक हवंच. मूत्रपिंड कमकुवत असून पोटॅशियमचं पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढंही नको.

पित्ताचा त्रास असणाऱ्यांसाठी वेळ महत्त्वाची. चॉकलेटनं अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. रविवारी रात्री तांबडा-पांढरा रस्सा ओरपून वर चॉकलेट आणि लगेच आडवं, यानं छातीत जळजळ ठरलेली. शिवाय तिखटानं भाजलेल्या जिभेला चॉकलेटची चव कळतही नाही, पैसे वाया जातात. दुपारची वेळ बरी यासाठीही की २० ग्रॅममध्ये १६ मिलिग्रॅम कॅफिन आणि १६० मिलिग्रॅम थिओब्रोमिन (कॅफिनच्या जातीचं सौम्य उत्तेजक) असतं. कॅफिन चहाच्या कपाहून कमी आहे, पण ज्यांची झोप हलकी त्यांना रात्री नऊला ते जाणवतं.

रोज खाणाऱ्यानं शिसं आणि कॅडमियम या घातक धातूंचा विषयही माहीत करून घ्यायला हवा. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेनं २०२२ मध्ये २८ डार्क बार तपासले. त्यातल्या २३ बारांचा एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, रोज खाल्ला तर दोहोंपैकी निदान एका धातूची त्यांनी धरलेली मर्यादा ओलांडली जात होती. कॅडमियम झाड मातीतून ओढतं, शिसं बिया उघड्यावर वाळताना धुळीतून चिकटतं. कोको जितका जास्त तितकी ही शक्यता जास्त. घाबरून सोडायचं कारण नाही, पण दोन गोष्टी कराव्यात: एकाच कंपनीचा बार वर्षभर खाऊ नये, आणि लहान मुलांना तसंच गर्भवतींना रोज देऊ नये. शाळकरी मुलाला आठवड्यातून दोनदा ५ ते १० ग्रॅम पुरे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. आणि घरात कुत्रं असेल तर बार उंचावर ठेवा. दहा किलोच्या कुत्र्यानं २५ ग्रॅम डार्क चॉकलेट खाल्लं तरी २०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटात जातं आणि विषबाधेची लक्षणं तिथूनच सुरू होऊ शकतात.

पांढऱ्या थराकडे येऊ. ती बहुधा बुरशी नसते. कोको बटरचे स्फटिक अनेक तऱ्हांचे होतात. चकचकीत, कडक, तोडताना "कट्" आवाज करणाऱ्या बारमधले स्फटिक ३४ अंशांच्या आसपास वितळतात. मार्च ते मे आपल्याकडे पारा ३५ च्या पुढे जातो, बंद स्वयंपाकघरात किंवा उन्हात उभ्या गाडीत त्याहून जास्त. बार आतल्या आत वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि चरबी पृष्ठभागावर येऊन राखाडी-पांढरे ओघळ उठतात. बोट घासलं की हा थर वितळून नाहीसा होतो. दुसरा प्रकार साखरेचा: जून ते ऑगस्टच्या दमट हवेत, किंवा फ्रिजमधून काढलेल्या गार बारवर पाणी सुटतं, साखर त्यात विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत राहते. बोटानं ती जात नाही. दोन्ही खायला निर्धोक, फक्त पोत बिघडतो. असा बार दुधात वितळवून संपवा. केसाळ, हिरवट किंवा ठिपक्याठिपक्यांची वाढ आणि कुबट वास आला तरच टाकून द्या.

साठवण १५ ते १८ अंशांत उत्तम. हिवाळ्यात कपाटातली अंधारी, कोरडी जागा चालते. उन्हाळ्यात फ्रिजशिवाय गत्यंतर नाही, पण पद्धत पाळा. बार मूळच्या चांदीच्या कागदात, तो झिपच्या पिशवीत, पिशवी हवाबंद डब्यात. कोको बटर वास चटकन ओढून घेतं. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीशेजारी उघडा बार ठेवला तर दोन दिवसांत त्याला मसाल्याचा वास लागतो आणि तो काही केल्या जात नाही. खायच्या वेळी डबा बाहेर काढा आणि न उघडता ३० ते ४५ मिनिटं तसाच ठेवा. घाम डब्यावर सुटेल, चॉकलेटवर नाही. आठवड्याला लागेल तेवढंच वेगळ्या छोट्या डबीत काढलं की मोठा डबा पुन्हापुन्हा आत-बाहेर करावा लागत नाही.

थंडगार तुकडा चावून गिळू नका, चव लागतच नाही. २० ग्रॅमचे दोन-तीन चौकोन करा, एक जिभेवर ठेवा, टाळूशी दाबा, मिनिटभर विरघळू द्या. पहिल्यांदा कडू, मग आंबटसर, मग भाजलेल्या बियांचा वास. इतक्या सावकाश खाल्लं की दुसऱ्या चौकोनालाच मन भरतं. मोजल्याशिवाय मात्र अंदाज धरू नका. बारवर वजन लिहिलेलं असतं, एकूण चौकोनांनी भागा.

घरी करायचं असेल तर शेंगदाण्याबरोबर करा. १०० ग्रॅम ७० टक्क्यांचं चॉकलेट बारीक चिरा. त्यातलं ७० ग्रॅम कोरड्या भांड्यात घेऊन गरम पाण्याच्या वाफेवर ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा. तळ पाण्याला टेकू देऊ नका. उतरवून उरलेलं ३० ग्रॅम घाला आणि ३१-३२ अंशांपर्यंत गार होईतो ढवळत राहा. मग भाजून, सोलून पूर्ण गार केलेले ६० ग्रॅम शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ घालून कागदावर १६ गोळ्या टाका. एक गोळी १० ग्रॅमची, ६० कॅलरींची. दोन पुरेत. मे महिन्यात हे सकाळी लवकर करा, कारण खोलीच ३२ अंशांची असली तर मिश्रण पुरेसं गार होतच नाही आणि गोळ्या मऊ, डागाळलेल्या होतात. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट गच्च होऊन रवाळ गोळा बनतं. ओलसर गूळ किसून घातला की नेमकं हेच होतं. असं झालं तर ते पूर्ववत होत नाही. चमचा-चमचा गरम दूध घालून ढवळा, सैल होऊन सॉस होईल, तो वापरा.

आणि ज्यांना चरबी, साखर दोन्ही आवरायचंय त्यांच्यासाठी बारपेक्षा कोको पावडर सरस आहे. नैसर्गिक, बिनसाखरेची, फिकट तपकिरी, चाखल्यावर आंबटसर. दोन सपाट चमचे म्हणजे ५ ग्रॅम, कॅलरी जेमतेम ११-१२, तंतू पावणेदोन ग्रॅम. थेट दुधात टाकली तर गुठळ्या होतात, कारण पावडरीतली चरबी पाणी धरत नाही. आधी दोन मोठे चमचे गरम पाण्यात घोटून लेप करा, मग १५० मिली तापवलेलं दूध हळूहळू ओता आणि मिनिटभर उकळा. म्हशीचं दाट दूध असेल तर निम्मं पाणी घालून. साखर घालायचीच तर अर्धा चमचा, वर वेलदोडा किंवा जायफळ. फक्त केळं घालून मिक्सरमध्ये फिरवू नका: केळ्यातलं एक विकर (एन्झाइम) फ्लॅव्हनॉल मोडतं, २०२३ च्या एका प्रयोगात केळ्याच्या स्मूदीनंतर रक्तातले फ्लॅव्हनॉल ८४ टक्के कमी भरले. शिकरण शिकरण म्हणून खा, कोको वेगळा प्या.